कदबानूचं उचलतं घर

शालिकडांगा बेटावरच्या बायका पदराच्या टोकाला किल्ल्या बांधायच्या. कदबानूच्या पदराला किल्ली नव्हती, पाना होता. बोल्ट आवळायचा-सोडायचा वीतभर लांब लोखंडी पाना, हाताच्या घामानं मधोमध गुळगुळीत झालेला. ती चालायला लागली की तो गुडघ्यावर आपटायचा, आणि तो आवाज ऐकून मागं वळून न बघताच लोक म्हणायचे, "भाबी आली."

तिची धाकटी जाऊ आतरजान तिला थोरल्या बहिणीसारखं बुबू म्हणायची आणि चिडवायची, "बुबू, लोकांच्या घराचं कुलूप उघडतं. तुझं अख्खं घरच उघडतं."

"तुझ्या घराला काय आहे गं? कोल्हासुद्धा दार न वाजवता आत येतो."

"येऊ दे की. तुझ्यापेक्षा कमी बोलतो."

दोघींचं हे असं रोजचं होतं. आतरजानचं घर कायम कदबानूच्या पूर्वेला. कायम म्हणजे ज्या ज्या बेटावर त्या राहिल्या तिथं तिथं. जमुनेच्या पात्रातल्या बेटांवरच्या लोकांचा तसा रिवाज आहे. नदीनं एक बेट खाल्लं की माणसं नव्यानं वर आलेल्या बेटावर जातात, पण जाताना समाज मोडत नाहीत. एका मशिदीत नमाज पढणारी, एका कुर्बानीचं मांस वाटून घेणारी घरं मिळून एक समाज. तो सगळा बरोबर उठतो आणि बरोबर बसतो. नव्या जागी घरं लावतानाही जुनी ओळ तशीच ठेवतात. पूर्वेचा पूर्वेला, पश्चिमेचा पश्चिमेला. जमीन बदलते, शेजार बदलत नाही. त्यामुळं जाऊ आवडो न आवडो, सकाळी दार उघडलं की समोर आतरजानच.

कदबानूचं लग्न होऊन ती ज्या बेटावर आली, तिथं आता एवढं खोल पाणी आहे की मोठी मालाची होडी बांबू न टेकता जाते. तिचा नवरा तोफेल नावाडी होता. बरीच वर्षं लोकांचा ताग आणि मिरच्या वाहून त्यानं गायबांध्याच्या बाजारातून पत्रे आणले आणि चार उतरत्या पाख्यांच्या छपराचं चौपाखी घर उभं केलं. गवताच्या झोपड्यांच्या ओळीत ते घर उन्हात असं चमकायचं की पलीकडच्या काठावरून येणारे लोक त्याच्या रोखानं होडी हाणायचे. तोफेलनं त्या घराला एकही खिळा लावला नव्हता. सगळे बोल्ट. तो म्हणायचा, "खिळा मारला की घर जागेचं होतं. बोल्ट लावला की घर आपलं राहतं." तो वर वाशांवर बसायचा आणि ती खालून पाना द्यायची. लग्नातलं पहिलं प्रेमाचं बोलणं आठवायला सांगितलं असतं तर तिला "जरा डावीकडं फिरव" एवढंच आठवलं असतं.

तोफेल तापानं गेला. पुढच्याच वर्षी त्याची कबर नदीनं नेली. घर मात्र कदबानूनं नेऊ दिलं नाही. आठ वेळा तिनं ते उतरवलं आणि आठ वेळा पुन्हा उभं केलं. आतरजान म्हणते, नऊ वेळा. एकदा काठ कोसळल्याचा आवाज ऐकून सगळ्यांनी घरं उतरवली आणि नदी ऐनवेळी दुसरीकडं वळली. ती वेळ धरायची की नाही, यावर दोघींचं अजून जमलेलं नाही.

तिच्या घरात सगळंच उचलतं होतं. चूल मातीची, पण कडेला हात धरायला कान असलेली, उचलून होडीत ठेवता येणारी. धान्याची कोठी दोन माणसांना नेता येईल एवढीच. बाजेचे पाय काढता येत. अंगणात तुळतुळीत सारवलेली जमीन, पण झाड एकही नाही. केळी लावायची ती, कारण केळीचा खांब पुरात तराफ्याला उपयोगी पडतो. बाकी झाड तिनं आयुष्यात लावलं नव्हतं.

आणि दर जुम्म्याला न्हाऊन झालं की ती वेताच्या मोड्यावर, त्या बुटक्या बैठकीवर, चढून घराभोवती एक फेरी करायची. प्रत्येक बोल्टाला मोहरीच्या तेलाचं बोट लावायची, पान्यानं तो हलवायची आणि परत सैलसर ठेवून द्यायची, नुसत्या बोटांनी फिरेल इतका. याचं कारण तिच्या डोळ्यांपुढं घडलेलं होतं. खूप पूर्वी त्यांच्या समाजातल्या एका माणसाच्या घराचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. काठ तुटायला लागला, तो पाना लावून जोर करत राहिला आणि घर खांबांसकट नदीत उतरलं. तो हातात पाना घेऊन तसाच उभा. कदबानू त्याचं तोंड कधी विसरली नाही.

गेल्या भाद्रपदात शालिकडांगा तुटलं. या वेळी मात्र नवं बेट शोधायचं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात शेजारच्याच बेटावर वस्तीसाठी एक उंच टेकाड बांधायचं काम निघालं होतं, आणि समाजातल्या बायाबापड्यांनीच मजुरीवर माती कापून, टोपल्यांनी वाहून ते रचलं होतं. आजवरचा सगळ्यात मोठा पूर आला तरी त्याच्या माथ्याला पाणी लागू नये एवढं उंच. जिथून माती काढली तिथं तळं झालं होतं. कदबानूनंही टोपल्या वाहिल्या होत्या, पण मनातून तिचा विश्वास नव्हता. माणसांनी रचलेली माती ती केवढी, आणि नदी केवढी.

घर हलवायला तिचा मुलगा मोफज्जल गाजीपूर शहरातून आला होता. तो तिथं शिवणकारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवतो. बायको आणि दोन मुलींसह एका खोलीत राहतो. टेकाडावर शेवटचा पत्रा चढवून झाला आणि तो अंगणात बसून म्हणाला, "मा, आता पुरे. माझ्याकडं चल."

"तुझ्या खोलीत मी कुठं मावणार?"

"मुलींबरोबर झोपशील. नळाला सकाळी पाणी येतं."

"आणि घर?"

"पत्रे विकायचे. अजून किती वेळा उचलणार आहेस? तुझे गुडघे बघ. मागच्या वेळी तुला होडीत चढवायला दोन माणसं लागली."

"पत्र्यांना चार लागली. त्यांना तू म्हातारे म्हणत नाहीस."

मोफज्जल हसला, पण हटला नाही. शेवटी समाजाचा मातबर हुरमुज अली मध्ये पडला. सगळ्यांच्या घरगुती भांडणांत पडायचा त्याचा हक्कच होता. त्याच्यासमोर ठरलं, की हे घर या टेकाडावर पुढच्या पावसापर्यंत उभं राहिलं तर कदबानू इथंच राहील आणि मोफज्जल पुन्हा विषय काढणार नाही. मध्येच पडलं तर ती पत्रे विकून मुकाट्यानं गाजीपूरला जाईल.

"कबूल?" हुरमुज अलीनं विचारलं.

"कबूल," कदबानू म्हणाली. "बोलले ते बोलले."

त्या हिवाळ्यात तिला फार बरं वाटलं. टेकाडाखाली नदीनं पसरून ठेवलेली पांढरी वाळू होती. त्या वाळूत खड्डे करून, शेणखत भरून बायकांनी भोपळ्याचं बी लावलं. सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी घालायचं. माघात वेल वाळूवर लांबवर पसरले आणि फाल्गुनात जिकडंतिकडं भोपळे दिसायला लागले. कदबानूच्या बाजेखाली भोपळे, कोठीमागं भोपळे, शेळीच्या कोपऱ्यात भोपळे. फोनवर नातींना ती भोपळ्यांची वर्णनं ऐकवायची. धाकटी विचारायची, "दादी, माझ्याएवढा आहे का?" कदबानू म्हणायची, "तुझ्यापेक्षा जाड आहे आणि तुझ्यापेक्षा शहाणा आहे. एका जागी बसतो."

टेकाडावर लोक बदलायला लागले होते. कुणी खांबांच्या बुडाशी सिमेंट ओतलं. कुणी अंगणात पेरू लावला. आतरजान एक दिवस कुठूनशी फणसाचं रोप घेऊन आली आणि दोन अंगणांच्या मध्ये खड्डा खणायला लागली.

"हे काय करतेस?" कदबानूनं विचारलं.

"फणस लावते. खाली कधी जगला नाही, मुळाशी पाणी आलं की मरायचा. इथं जगेल."

"आणि उठायची वेळ आली की होडीत घालून नेणार?"

"उठायचं नाहीये आता, बुबू."

"असं नदी तुझ्या कानात सांगून गेली का? काढ ते. तिथं माझी शेळी बांधायची जागा आहे."

"शेळी जगली तर तुझी, फणस जगला तर आपल्या दोघींचा."

"काढ म्हणते ना!"

आतरजाननं रोप परत जुन्या डब्यात घातलं आणि आपल्या दारामागं ठेवून दिलं. त्या दिवशी तिनं रागानं सुकट भाजली, तीसुद्धा वारा कदबानूच्या घराकडं असताना.

दर जुम्म्याची कदबानूची बोल्टांची फेरी मात्र चुकली नाही. उलट इथं ती जास्तच मन लावून करायची, कारण टेकाडावर तिला कुठल्याही दिवशी उतरायची तयारी हवी असं वाटायचं.

चैत्र संपता संपता एका दुपारी वायव्येकडं आभाळ काळं झालं. बायका वाळूत भोपळे गोळा करत होत्या. वर बघून सगळ्या टोपल्या डोक्यावर घेऊन टेकाडाकडं पळाल्या. कदबानूचे गुडघे पळण्याचे नव्हते, त्यामुळं ती वर पोहोचेपर्यंत धूळ उठली होती. ती शेळीसाठी घराकडं वळली, तेवढ्यात आतरजाननं दारातून येऊन तिचा दंड धरला.

"आत चल!"

"शेळी आहे आत!"

"शेळी माझ्याकडं आहे. चल!"

शेळी खरंच आतरजानच्या दारामागं उभी होती आणि फणसाच्या रोपाची पानं खात होती. दोघी दाराच्या फटीतून बाहेर बघत राहिल्या. आधी कदबानूच्या छपराचा एक कोपरा टाळी वाजवल्यासारखा वाजला. मग दुसरा. मग भाताच्या हंड्यावरचं झाकण वाफेनं उचलावं तसं एक अख्खं पाखं वर आलं, हवेत क्षणभर थांबलं, आतरजानच्या छपरावरून पलीकडं गेलं आणि धाडकन तळ्यात पडलं. त्यामागून दुसरं. उरलेली दोन पाखी एकमेकांवर रेलून अंगणात बसली. कुडाच्या भिंती आणि मधली बाज तेवढी जागच्या जागी राहिली, आणि बाजेखालचे भोपळे पावसात भिजायला लागले.

वादळ ओसरल्यावर लोक बाहेर आले. कुणाची केळ आडवी झाली होती, कुणाच्या गोठ्याचं गवत उडालं होतं. पण पत्र्याचं दुसरं एकही घर गेलं नव्हतं. सिमेंटवालं नाही, बिनसिमेंटचं नाही, आतरजानचं तर मुळीच नाही.

कदबानू रडली नाही. ती आत गेली, बाजेवर उघड्या आभाळाखाली बसली आणि थोड्या वेळानं आतरजानला म्हणाली, "तुझा फोन दे. मोफज्जलला सांगते, घर पडलं."

"अगं, आधी पाणी तरी पी."

"पडलं की येईन असं बोलले होते. फोन दे."

मोफज्जल यायला दोन दिवस लागले. तेवढ्यात कदबानूनं सगळं बांधलं. चुलीला दोरी, कोठीला दोरी. आठ वेळा केलेलं काम, हात आपोआप चालत होते. फक्त या वेळी बांधून झाल्यावर कुठल्या होडीत ठेवायचं ते माहीत नव्हतं. रात्री ती आतरजानकडं झोपायची. आतरजान एरवी झोपेतही बोलायची, पण त्या दोन रात्री गप्प होती. कदबानूला ते भांडणापेक्षा जड गेलं.

मोफज्जल आला तेव्हा माणसं तळ्यातून पाखी ओढून काढत होती. पत्रे फारसे वाकले नव्हते. हुरमुज अली काठावर उकिडवा बसून पाख्याची कड बोटांनी चाचपत होता. एकदम त्यानं हाक मारली, "कदबानू भाबी, जरा इकडं या."

ती आली.

"बोल्टांची ही भोकं बघा. एक तरी फाटलंय?"

"नाही."

"अंगणात बोल्ट सापडले ते हे. एक तरी मोडलाय?"

कदबानूनं हातात घेऊन बघितले. आटे जसेच्या तसे होते, तेलानं चमकत होते.

"मोडलेले नाहीत," ती म्हणाली.

"मग हे निघाले कसे?"

कदबानूचा हात नकळत पदराच्या टोकाकडं गेला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागोमाग गेल्या. पहिली हसली ती आतरजान, तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून.

"अगं बुबू! दर जुम्म्याला! तेल लावून! वादळाला एवढंसुद्धा काम ठेवलं नाहीस गं!"

मग तळ्यातली माणसं हसायला लागली. एकाच्या हातातून पाखं सुटून परत पाण्यात गेलं. कदबानू कानापर्यंत लाल झाली. "खाली कधी उडालं नव्हतं," ती म्हणाली.

"खाली घर काशाच्या गवतात, केळींच्या आडोशाला दडलेलं असायचं, भाबी," हुरमुज अली म्हणाला. "वारा डोक्यावरून जायचा. इथं आपण वाऱ्याच्या वाटेत बसलोय. पुरापासून वर आलो, तर वाऱ्याच्या तोंडी आलो. घट्ट बसायला हवं."

मोफज्जल हे सगळं ऐकत उभा होता. तो म्हणाला, "चाचा, कारण काही असो, घर पडलं ना? तुमच्यासमोर ठरलं होतं."

हुरमुज अलीनं दाढी कुरवाळली. "ठरलं होतं, पडलं तर. हे पडलेलं नाही. हे तुझ्या मानं दर जुम्म्याला थोडं थोडं उतरवून ठेवलं होतं. वादळानं फक्त शेवटचा हात लावला. उतरवलेल्या घराबद्दल काही ठरलेलं मला आठवत नाही. कुणाला आठवतंय?"

कुणालाच आठवत नव्हतं.

पण कदबानूच अडली. "असं फिरवू नका, मातबर. मी बोलले होते. माझ्या चुकीनं पडलं म्हणजे मीच पाडलं. शब्द शब्दच असतो. मी जाते."

तेव्हा आतरजान पुढं आली. मघाचं हसू तिच्या तोंडावर नव्हतं. "जा. जा ना! नळाला पाणी येतं तिथं. माझ्या पश्चिमेला उकिरडा करीन म्हणते. रोज सकाळी दार उघडलं की उकिरडा बघीन. निदान तो उलट बोलणार नाही."

"बोलला नाही तर तुला करमणार नाही," कदबानू म्हणाली आणि हातातले बोल्ट पदरानं पुसायला लागली.

मोफज्जल आईकडं बघत होता. मग तो बिनछपराच्या घरात गेला. आत दोरीनं बांधलेली चूल होती, पाय काढून ठेवलेली बाज होती, आणि नातींसाठी निवडून बाजूला ठेवलेले भोपळे होते. गाजीपूरच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकायचीसुद्धा परवानगी नव्हती. मुलींची चित्रं तो भाताच्या शितांनी चिकटवायचा. भोपळे ठेवायला तर तिथं बाजेखालीही जागा नव्हती, बाजेखाली भांडी होती. ईदला मुलींना घेऊन यायचं तर कुठं यायचं, हा विचार त्यानं पत्रे विकायचं म्हणताना केला नव्हता. तो बाहेर आला आणि त्यानं हात पुढं केला.

"मा, पाना दे."

"कशाला?"

"दे तर."

कदबानूनं पदराची गाठ सोडली. ती गाठ इतकी घट्ट होती की आतरजानला दात लावावे लागले.

दुपारपर्यंत चारही पाखी खांबांवर चढली. समाजातली सगळी माणसं खालून टेकू देत होती. मोफज्जल वाशांवर बसला होता, बाप बसायचा तसाच, एक पाय खाली सोडून. कदबानू खालून बोल्ट देत होती. पहिला बोल्ट त्यानं पूर्ण आवळला तेव्हा पत्रा करकरला. ती दचकली.

"जरा डावीकडं फिरव," ती म्हणाली.

"डावीकडं सुटतो, मा. उजवीकडं आवळतो."

"माहीत आहे मला."

पुढचा करकरला. मग त्यापुढचा. प्रत्येक वेळी तिच्या जबड्यात दाढ दुखल्यासारखं व्हायचं. आढ्याजवळचा शेवटचा राहिला तेव्हा ती हळूच म्हणाली, "एक तरी बोटानं फिरेल असा ठेव रे. नदीचा काय भरवसा."

"एकही नाही," मोफज्जल वरून म्हणाला. "तेल लावतो हवं तर. उतरवायची वेळ आली तर मी येईन. आवळतोय मी, सोडवीनही मीच."

"तुझ्या कारखान्यात सुट्टी देतील?"

"नदीनं विचारून यायचं ठरवलं तर देतील."

खाली सगळे हसले. कदबानूही हसली. त्यानं शेवटचा बोल्ट पार बसेपर्यंत फिरवला.

संध्याकाळी आतरजाननं खिचडी केली, त्यात भोपळाच घातला, आणि कदबानूनं त्यात मीठ कमी आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं. मोफज्जल दुसऱ्या दिवशी पहाटेच्या होडीनं निघाला. खांद्यावर दोन भोपळे पोत्यात बांधून. बसवाला त्यांचं वेगळं भाडं मागेल म्हणून तो कुरकुरत होता. कदबानू म्हणाली, "मुली आहेत म्हणून सांग. मांडीवर घेऊन बस."

होडी दिसेनाशी झाली तशी ती परत फिरली. पाना परत पदराला बांधलेला होता, पण सवयीनं मोड्याकडं गेलेला हात तिनं मागं घेतला. जुम्मा होता. करायला काही नव्हतं. तिनं आतरजानच्या दारामागं जाऊन डबा उचलून आणला. शेळीनं खाल्लेल्या रोपाला खाली दोन पानं उरली होती आणि टोकाला एक नवीन फुटत होतं.

"आतरजान!" तिनं हाक मारली. "फावडं आण. आणि दोन हात तुझ्या बाजूला सरकून खण. माझी शेळी कुठं बांधू मग?"

आतरजान फावडं घेऊन आली. "एक हात," ती म्हणाली.

"दीड."

"फणस मोठा झाला की फांद्या सगळ्या तुझ्याच छपरावर येतील, बघ."

"येऊ देत," कदबानू म्हणाली. "आता घट्ट आहे ते."